कोरड्यास : एका दाट कालवणाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी येथील काही मराठी मंडळींनी एक स्मरणिका काढावयाचे ठरविले. नोकरीधंद्यानिमित्त म्हैसुरात येऊन राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या आजीच्या हातचा एकेक पदार्थ लिहून द्यावा, अशी ती कल्पना होती. मलाही पत्र आले आणि मी थालीपिठाची कृती लिहून पाठविली. ती छापून आली, दोघातिघांनी तिची वाखाणणीही केली.

मी लिहिले ते खोटे नव्हते. आजी थालीपीठ उत्तम करीत असे. परंतु आजीच्या हातचे म्हणून जी चव आजही माझ्या जिभेवर आहे ती थालीपिठाची नव्हे. लातूर जिल्ह्यातील आमच्या खेड्यात, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळभर चुलीवर रटरटत राहणाऱ्या मोठ्याच्या मांसाच्या आणि हुलग्यांच्या दाट कालवणाची ती चव आहे. ते लिहावयास माझा हात धजला नाही. ‘असे लिहू नका’ असे मला कोणीही म्हटले नव्हते. मीच मला तसे म्हटले. पदवीसाठी इतिहास शिकलेल्या माणसाने स्वतःच्या घराच्या इतिहासातील एक पान असे मुकाट्याने गाळावे, ही गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे. प्रस्तुत लेख हे त्या गाळलेल्या पानाचे पुनर्लेखन आहे.

निमित्त मात्र परदेशी पदार्थाचे घडले. कचेरीतील एका स्नेह्याचा भाऊ अमेरिकेहून आला असता त्याने आम्हां चौघांना घरी बोलावून तिकडचे एक खाणे करून घातले. बारीक केलेले मांस, शिजवून ठेचलेला राजमा, कांदा, टोमॅटो, मिरची आणि जिरे एकत्र आटवून वर चीज वितळविलेले. हे सारे मक्याच्या कुरकुरीत त्रिकोणी तुकड्यांनी उचलून खावयाचे. अमेरिकेत ह्यात गोमांस घालतात. येथे त्याने म्हशीचे मांस वापरले होते. नाव सांगितले ‘नाचो डिप’. पहिला घास घेताच मी थबकलो. नाव अपरिचित, पण पोत ओळखीचा होता. कडधान्याचा पिठूळ दाटपणा, त्यात विरघळलेली मांसाची चव आणि उचलावयास काहीतरी कोरडे, खमंग. आमच्याकडे ह्याला शब्द आहे. मराठवाड्यात व सोलापूरकडे भाकरीबरोबरच्या कालवणास ‘कोरड्यास’ म्हणतात. कोरड्या भाकरीस जे लागते ते कोरड्यास. इतका नेमका शब्द प्रमाणभाषेस आजवर हवासा वाटू नये, ह्याचे मला नवल वाटते.

तेव्हा प्रश्न असा की, मांस आणि कडधान्य ह्यांची ही जोडी आपल्या भूमीवर किती जुनी?

ह्याचे उत्तर शोधावयास म्हैसूरकरास फार दूर जावे लागत नाही. येथून सुमारे तीस किलोमीटरवर तिरुमकूडलु नरसीपूर आहे. कावेरी व कपिला ह्यांच्या ज्या संगमावर आता दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरतो, त्याच्याच परिसरात १९६० च्या आगेमागे एम. शेषाद्री ह्यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि नवाश्मयुगातील वस्ती व दफने उजेडात आली. दगडाच्या घासलेल्या कुऱ्हाडी वापरणारे आणि गुरे पाळणारे हे लोक रायचूर-बळ्ळारीपासून कावेरीच्या खोऱ्यापर्यंत पसरले होते. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० ते १२०० असा धरतात.

उत्तरेकडील त्यांच्या वस्त्यांची सर्वांत ठळक खूण म्हणजे राखेचे प्रचंड ढिगारे. हंपीजवळ निंबापूर येथील ढिगाऱ्यास लोक वालीच्या चितेची राख मानत आले. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूट ह्यांनी बळ्ळारी भागातील ढिगाऱ्यांचा नवाश्मयुगाशी संबंध जोडला. पुढे १९५७ मध्ये एफ. आर. ऑल्चिन ह्यांनी तेलंगणातील उटनूर येथे खोदकाम केले, तेव्हा हे गोठे असून त्यांत साठलेले शेण पुनःपुन्हा जाळले गेले होते, हे स्पष्ट झाले. जमिनीत गुरांच्या खुरांचे ठसेसुद्धा टिकून राहिले होते! ज्या राखेत रामायण पाहिले गेले, ती वस्तुतः गुराख्यांच्या संसाराची राख निघाली.

हे गुराखी गुरांचे मांस खात असत, ह्याविषयी आता संशय उरलेला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या ह्यांनी सुरपूर परिसरातील बुदिहाळ येथे १९९० च्या दशकात जे उत्खनन केले, त्यात राखेच्या ढिगाऱ्याजवळ जनावरे कापण्याची जागाच सापडली. तेथे दगडी पाती आणि गुरांची हाडे एकत्र पडलेली होती. महाराष्ट्रातही निराळे चित्र दिसत नाही. घोड नदीकाठच्या इनामगावात, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० ह्या काळातील ताम्रपाषाणयुगीन गावात, कापल्याच्या खुणा असलेली गुरांची हाडे आढळली आहेत. इनामगावचे हे शेतकरी मराठी मुलखातील आपल्या पहिल्या ज्ञात खेडुतांपैकी होत.

आणि कडधान्य? त्याचा पुरावा मिळावयास थोडा अधिक काळ जावा लागला; कारण दाणा हाडासारखा डोळ्यांत भरत नाही. उत्खननातील माती पाण्यात कालविली असता जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे, अशी ही रीत आहे. डोरियन फुलर, धारवाडचे रवी कोरीशेट्टर आदी संशोधकांनी संगनकल्लू, हळ्ळूर, तेक्कलकोटे अशा वस्त्यांतील माती ह्या रीतीने तपासली. तेव्हा ह्या लोकांच्या शेतीचा कणा म्हणून दोन बारीक तृणधान्ये आणि दोन कडधान्ये पुढे आली. ती कडधान्ये म्हणजे मूग आणि हुलगा. ही दोन्ही भारताचीच. गहू व जव उत्तरेकडून नंतर आले. मांस आणि हुलगे एकाच मडक्यात शिजत होते, असे दाणे वा हाडे सांगत नाहीत. पण एकाच वस्तीतील, एकाच अंगणातील केराची साक्ष आपल्यापुढे आहे. माझ्या आजीच्या चुलीवरील दोन्ही मुख्य जिन्नस ह्या पठारावर चार हजार वर्षांपूर्वी शेजारी शेजारी होते, एवढे म्हणावयास कोणतीही हरकत नसावी.

हुलग्याचा मान मात्र पुढे उतरला. इंग्रजांनी त्याला घोड्याचे नाव दिले, कारण तो घोड्यांना घातला जाई. आपल्याकडे तो बैलांनाही शिजवून घालतात. परंतु म्हैसूरच्या घरांतून आजही ‘हुरळी सारु’ उकळते आणि दाण्यांचे जे दाट पाणी काढतात त्याला ‘कट्टु’ म्हणतात. आपल्या कटाच्या आमटीतील ‘कट’ ह्याचेच भावंड असावे, असे कानाला तरी वाटते.

कालांतराने ह्या चुलीपाशी दोन पाहुणे आले. मार्गशीर्ष-पौषात देवराज मार्केटात गेलेल्या कोणासही ‘अवरेकाई’चा दर्प टाळता यावयाचा नाही. हे अवरे म्हणजे आपले वाल-पावटेच. भिजवून, चिमटीत दाबून साल काढलेल्या दाण्यांना येथे ‘हिसुकिद बेळे’ म्हणतात. कोकणात व मुंबईकडे मोड आणून सोललेल्या वालांचे ‘बिरडे’ होते. पद्धती दोन, पण दाणा एक आणि बोटांची चिमटीही तीच. हे कडधान्य मूळचे आफ्रिकेतले. येथील नाचणीही आफ्रिकेतलीच. ज्या नाचणीच्या मुद्द्यावाचून जुन्या म्हैसूर प्रांताचा विचारच करता येत नाही आणि ज्या अवऱ्याच्या वासाने येथील हिवाळा ओळखला जातो, ती दोन्ही इतिहासपूर्व काळात समुद्र ओलांडून आलेली आहेत. आज येथील मांसाहारी घरांतून अवरेकाळू व मांस एकत्र शिजवून जे सारु करतात, ते मुद्द्याशी खाताना ‘हे परके’ असे कोणाच्या मनातही येत नाही. पुष्कळ दिवस नांदल्यावर पाहुणा यजमान होतो, हा स्वयंपाकघराचा जुना नियम आहे.

आता ग्रंथांकडे वळू. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११२९ च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’ आपल्या पठाराच्या खाण्याचा मोठा साक्षीदार होय. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या जिल्ह्यापासून फारशी दूर नाही. ह्या ग्रंथाचे संपादन गजानन कृ. श्रीगोंदेकर ह्यांनी केले व बडोद्याहून १९२५, १९३९ व १९६१ असे त्याचे तीन खंड निघाले. महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्वत्तेचे हे काम स्मरणीय आहे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात अनेक डाळींचा ‘विदलपाक’ आहे, वडे आहेत. डुक्कर, हरिण, मेंढा, मासे, फार काय, शेतातील उंदीरसुद्धा आहेत. गोमांस मात्र नाही. पुढे १५०८ च्या सुमारास तिसऱ्या मंगरसाने कन्नडात ‘सूपशास्त्र’ रचले. तो जैन असल्याने त्याचा ग्रंथ संपूर्ण शाकाहारी आहे.

नवाश्मयुग आणि सोमेश्वर ह्यांच्या दरम्यान काय घडले? महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ ह्या महाग्रंथात वैदिक व सूत्रवाङ्मयातील गोमांसाचे उल्लेख लपविले नाहीत; तसेच पुढील काळी ‘कलिवर्ज्य’ म्हणून ते कसे निषिद्ध ठरत गेले, हेही दाखविले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली ‘दि अन्टचेबल्स’ ह्या ग्रंथात ह्याच पुराव्यापुढे एक तीक्ष्ण प्रश्न ठेवला : ज्यांनी गोमांस सोडले ते वर चढले आणि ज्यांना ते सोडता आले नाही ते गावाबाहेर पडले, असे तर नाही ना? अस्पृश्यतेचा उगम त्यांनी इसवी सन ४०० च्या सुमारास नेला आणि तिचे एक मूळ ह्या भोजनभेदात दाखविले. त्यांच्या उपपत्तीविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु पाकशास्त्राच्या ग्रंथांतून जे वगळले गेले, ते समाजाच्या चुलीवरून नाहीसे झाले नव्हते, हे तर आमच्यासारख्या घरांना ग्रंथावाचूनही ठाऊक होते.

निषेधाला केवळ पोथीचाच आधार होता असेही नाही; अर्थशास्त्राचाही होता. म्हैसूरचे उदाहरण बोलके आहे. चिक्कदेवराज वडेयर ह्यांनी (१६७२–१७०४) राज्याच्या गुरांसाठी ‘बेण्णे चावडी’ हे स्वतंत्र खाते उभारले. टिपू सुलतानाने त्याला ‘अमृत महाल’ असे नाव दिले. ह्या जातीचे बैल तोफा ओढीत आणि सैन्याची रसद वेगाने हलवीत. ज्या राज्याचे बळ बैलाच्या खांद्यावर आहे, तेथे जिवंत बैलाचे मोल मांसापेक्षा केव्हाही अधिकच असणार. शेतकऱ्याचा हिशेबही हाच. म्हणून खावयास येई ते म्हातारे, काम संपलेले जनावर. त्याचे मांस चिवट, ते तासन् तास शिजवावे लागे आणि थोडे असल्याने कडधान्य घालून वाढवावे लागे. दाट कालवणाचा जन्म असा गरजेतून झाला आहे.

आमच्या घराण्याचा इतिहास ह्यापुढे सुरू होतो. आम्ही पूर्वाश्रमीचे महार. १९५६ नंतर बौद्ध. मेलेले जनावर ओढून नेणे हे गावाने लादलेले काम आणि त्याचे मांस हा त्या कामाचा तथाकथित हक्क. ते एकदम संपत नसे, म्हणून त्याच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवीत. त्यांना ‘चान्या’ म्हणत. पावसाळ्यात ह्या चान्या हुलग्यांत वा डाळीत टाकून शिजत. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत मृत मांस सोडून देण्याचा जो निर्धार झाला, तो पुढे खेड्याखेड्यांतून पसरत आमच्यापर्यंत पोहोचला. माझ्या पणजीने चान्यांची दोरी तोडून टाकली, असे आजी सांगे. त्यानंतर आमच्या घरात शिजले ते पैसे देऊन, बाजारातून, पारखून आणलेले मांस. बाहेरच्या माणसाला दोन्हींत काहीच भेद दिसत नसे. आजीच्या लेखी मात्र एका कालवणात लाचारी होती आणि दुसऱ्यात स्वतःची कमाई. ह्या भेदाकडे दुर्लक्ष करून आमच्या अन्नाविषयी बोलणारे, मग ते नाक मुरडणारे असोत वा कौतुक करणारे, आजीला सारखेच अज्ञ वाटत. मराठवाड्यातील ह्या चुलींचा वृत्तान्त शाहू पाटोळे ह्यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ह्या ग्रंथात प्रथमच सविस्तर लिहिला. तो वाचला असूनही मी स्मरणिकेस थालीपीठ पाठविले, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्या अमेरिकी पदार्थाकडे आता पुन्हा पाहू, कारण त्याची वंशावळ आमच्या कालवणाच्या अगदी उलट आहे. मेक्सिकोत राजमा, मका, मिरची व टोमॅटो ही सारी मूळची. गाय मात्र तेथे नव्हतीच. ती सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून उतरली. जिरेही जुन्या जगातूनच तिकडे गेले. म्हणजे तेथे दाणा घरचा आणि मांस पाहुणे. येथे दाणा व मांस दोन्ही घरची आणि मिरची पाहुणी. ती पोर्तुगीजांमार्फत आपल्या किनाऱ्यावर आली आणि घाट चढून ब्याडगीपर्यंत अशी रुजली की, तिच्यावाचून आपले पूर्वज जेवले कसे, असा प्रश्न पडावा. ‘नाचो’ हे नाव तर अगदी अलीकडचे. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सीमेवरील पिएद्रास नेग्रास ह्या मेक्सिकन गावी इग्नासिओ अनाया नावाच्या उपाहारगृहातील गृहस्थाने ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांपुढे मक्याचे तळलेले तुकडे, चीज व मिरची ठेवली. इग्नासिओ ह्या नावाचे लाडके रूप ‘नाचो’; तेच पदार्थाला चिकटले. मांस व राजम्याचे दाट कालवण त्याच्या जोडीला मागाहून आले. ऐंशी वर्षांच्या आत त्या पदार्थाने जग पादाक्रांत केले. चार हजार वर्षांची परंपरा असलेले आमचे कोरड्यास एका स्मरणिकेतही शिरू शकले नाही.

असो. कृती मागे राहू नये म्हणून आजीची रीत येथे देतो. एक वाटी हुलगे रात्री भिजत घालावे. सकाळी पाणी बदलून अर्धे अधिक शिजू द्यावे. अर्धा किलो मांसाचे लहान तुकडे हळद, मीठ व ठेचलेल्या लसणाबरोबर वेगळ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. चिवट मांसातील तंतू दीडदोन तासांच्या संथ उष्णतेने विरघळतात आणि रश्शाला चिकट दाटपणा येतो. आच मोठी केली तर मांस आखडते आणि हा लाभ हुकतो. मग दोन्ही एकत्र करावे, भाजलेला कांदा व सुके खोबरे वाटून लावावे, काळे तिखट घालावे. चौथा हिस्सा हुलगे पळीच्या पाठीने ठेचून पुन्हा आत सोडावे. शेवटी दोन चमचे येसर पाण्यात कालवून घालावे. हे येसर, म्हणजे धान्ये, डाळी व मसाला भाजून दळलेले पीठ, हा मराठवाड्याच्या दाटपणाचा आत्मा आहे. चिंच वा टोमॅटो हवाच असेल तर दाणे मऊ झाल्यावरच घालावा. आंबटाने दाणा निबर राहतो. हुलग्यांऐवजी राजमा घेतल्यास भिजवलेले पाणी टाकून द्यावे व तो निदान दहा मिनिटे खळखळ उकळावा. अर्धाकच्चा राजमा पोटास विषासारखा बाधतो. ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर कडक करून तिच्या तुकड्याने हे उचलावे. मक्याच्या त्रिकोणाची आठवण होणार नाही.

आजी २०१४ साली गेली. पुढल्याच वर्षी महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. कर्नाटकाचा २०२० चा कायदा २०२१ पासून अमलात आला व त्यात तेरा वर्षांवरील म्हशी-रेड्यांचाच काय तो अपवाद ठेवला गेला. मी सरकारी नोकर आहे आणि कायदा पाळतो. आमच्या घरी आता ह्या कालवणात म्हशीचे मांस पडते. चवीत थोडा फरक पडला. परंतु पुढे काय शिजावे हे कायद्याने ठरविता येते, मागे काय शिजले ते त्याला बदलता येत नाही. ते काम कायदा करीत नाही. ते आपण करतो, स्मरणिकेच्या कागदावर, स्वतःच्या हाताने, कोणी सांगितलेले नसताना.

म्हैसुरात राहून मला एक गोष्ट कळली. परमुलखात आपण आपल्या मुलखाची जी ओळख सांगतो, ती बहुधा पाहुण्यांच्या खोलीतली असते. चुलीपाशी कोणाला नेत नाही. तेथे नेल्यावाचून ओळख पुरी होत नाही. थालीपिठाची कृती मी मागे घेत नाही. ती आजीचीच आहे. तिच्या शेजारी ही दुसरी ठेवतो; हीही तिचीच आहे.